ऑटोकॅडमध्ये व्ह्यू, लेअर आणि यूसीएस वेगवेगळे साठवण्याची पद्धत

ड्रॉइंग मोठं झालं की रेषा मारण्यापेक्षा जागा शोधण्यात जास्त वेळ जातो. जिन्याजवळ झूम करा, फर्निचर बंद करा, मापं चालू करा, काम करा. मग दुसऱ्या टोकाच्या टॉयलेटकडे जा, तिथे पुन्हा वेगळे लेअर (ड्रॉइंगचे सुटे थर) चालू-बंद करा. दिवसातून कितीतरी वेळा हीच कवायत होते आणि दरवेळी एखादा लेअर नजरेतून सुटतो.

यावरचा उपाय ऑटोकॅडमध्ये फार पूर्वीपासून आहे, तो म्हणजे नेम्ड व्ह्यू, नाव देऊन साठवलेलं दृश्य. बरेच जण तो करून पाहतात आणि सोडून देतात. व्ह्यू परत आणला की जागा बरोबर येते, पण लेअर महिन्यापूर्वीचे होऊन येतात. कालच काढलेली वायरिंग दिसेनाशी होते, क्रॉसहेअर (कर्सरच्या आडव्या-उभ्या रेघा) तिरका होतो, आणि ‘हे नको रे बाबा’ म्हणत माणूस परत झूम-पॅनकडे वळतो. दोष व्ह्यूमध्ये नसतो. एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी साठवल्या जातात आणि त्या सगळ्या एकदम परत येतात, त्यामुळे हे होतं. त्या गोष्टी सुट्या साठवल्या की हीच सोय अतिशय भरवशाची होते. ते कसं करायचं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

पडद्यावर दिसणारं चित्र कशाकशाचं बनतं

कोणत्याही क्षणी पडद्यावर जे दिसतं ते चार वेगळ्या सेटिंगांनी ठरतं.

पहिली सेटिंग नजरेची: ड्रॉइंगच्या कोणत्या भागाकडे, किती जवळून आणि कोणत्या दिशेने पाहतोय. दुसरी लेअरची: काय चालू, काय बंद, काय फ्रीझ, कशाला कोणता रंग. तिसरी यूसीएसची (आपण कामापुरती ठरवलेली अक्षांची रचना): एक्स आणि वाय अक्ष कुठे तोंड करून आहेत. चौथी मांडणीची: पडदा एकसंध आहे की दोन-तीन व्ह्यूपोर्टमध्ये (दृश्याच्या वेगळ्या चौकटींत) विभागलाय, आणि व्हिज्युअल स्टाइल (वस्तू नुसत्या रेषांत की छटा भरून दाखवायच्या) कोणती आहे.

ऑटोकॅड या प्रत्येकाला स्वतंत्र नाव देऊन साठवू शकतं. नजर नेम्ड व्ह्यूमध्ये जाते, लेअर लेअर स्टेटमध्ये, अक्ष नेम्ड यूसीएसमध्ये आणि पडद्याची विभागणी व्ह्यूपोर्ट कॉन्फिगरेशनमध्ये. गोंधळ होतो तो नेम्ड व्ह्यूच्या मोठ्या पोटामुळे. नजर हा त्याचा मूळ ऐवज आहे, पण साठवताना सांगितलं तर तो लेअरची दृश्यता, यूसीएस, व्हिज्युअल स्टाइल, पार्श्वभूमी आणि लाइव्ह सेक्शनसुद्धा (त्रिमितीय मॉडेल कापून दाखवणारा छेद) सोबत घेतो.

सुटं साठवण्याचा फायदा साध्या हिशोबात दिसतो. समजा इमारतीत ५ जागा अशा आहेत जिथे सतत जावं लागतं, आणि लेअरचे ४ संच आहेत: वास्तुरचना, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, फर्निचर. प्रत्येक जोडीसाठी एक व्ह्यू करायचा तर २० व्ह्यू होतात. ५ व्ह्यू आणि ४ लेअर स्टेट वेगळी ठेवली तर ९ नावांत तेच काम होतं. खरी बचत नंतर कळते. इलेक्ट्रिकलचा एक नवा लेअर आला तर पहिल्या पद्धतीत ५ व्ह्यू दुरुस्त करावे लागतात, दुसरीत एकच लेअर स्टेट.

पायरी पहिली: फक्त नजर साठवणारा व्ह्यू

‘व्ह्यू’ कमांड द्या. नुसतं ‘व्ही’ टाइप केलं तरी चालतं. व्ह्यू मॅनेजरची खिडकी उघडते. डाव्या बाजूला मॉडेल व्ह्यूज, लेआउट व्ह्यूज आणि प्रीसेट व्ह्यूज अशी यादी असते. टॉप, फ्रंट, आयसोमेट्रिक वगैरे प्रीसेट आधीच तयार असतात, त्यांच्याकडे लक्ष देण्याची गरज नाही. ‘न्यू’ दाबा आणि पुढे असं करा:

१. नाव द्या. नावात फक्त जागा सांगा: ‘०१-जिना-तळमजला’, ‘०२-पूर्व-टॉयलेट’. ‘जिना-इलेक्ट्रिकल’ असं नाव देऊ नका, कारण मग त्या व्ह्यूकडून लेअरचीही अपेक्षा सुरू होते. सुरुवातीचा आकडा यादीचा क्रम राखतो.

२. सीमा ठरवताना ‘करंट डिस्प्ले’ऐवजी ‘डिफाइन विंडो’ निवडा आणि दोन कोपरे दाखवून चौकट आखा. करंट डिस्प्लेमध्ये तुमच्या पडद्यावर त्या वेळी जेवढं आहे तेवढं साठतं. दुसऱ्याचा पडदा वेगळ्या आकाराचा असेल, किंवा तुमच्याच बाजूला एखादी पॅलेट उघडी असेल, तर कडेचा भाग मनासारखा येत नाही. चौकट आखून दिली की हवी ती जागा नक्की मध्ये येते.

३. ‘सेव्ह लेअर स्नॅपशॉट विथ व्ह्यू’ या चौकोनातली टिक काढा. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा क्लिक हाच. ही टिक राहिली तर त्या क्षणी कोणता लेअर दिसतोय आणि कोणता नाही, याची नोंद व्ह्यूच्या पोटात जाते आणि व्ह्यू उघडताना दरवेळी ती लागू होते.

४. यूसीएसच्या यादीत साध्या, सरळ ड्रॉइंगसाठी वर्ल्ड ठेवा. तिरक्या इमारतीचं वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

५. द्विमितीय कामात व्हिज्युअल स्टाइल, पार्श्वभूमी आणि लाइव्ह सेक्शनला हात लावू नका. त्रिमितीय मॉडेलमध्ये त्यांचा उपयोग आहे, पण तिथेही ‘शेडेड’ आणि ‘वायरफ्रेम’ असे दोन व्ह्यू एकाच जागेचे करण्यापेक्षा व्हिज्युअल स्टाइल हाताने बदलणं मला बरं वाटतं.

‘ओके’ दाबा, व्ह्यू मॅनेजरसुद्धा ओके दाबूनच बंद करा.

आता व्ह्यू परत आणायचा कसा? व्ह्यू मॅनेजरमधून ‘सेट करंट’ करता येतं, पण रोजच्या कामासाठी तो रस्ता लांबचा आहे. ड्रॉइंगच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चौकटी कंसांत ‘टॉप’ वगैरे लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक करून ‘कस्टम मॉडेल व्ह्यूज’मध्ये गेलात की तुमची यादी समोर येते. कीबोर्डच्या माणसांसाठी आणखी जलद वाट आहे: आधी वजा चिन्ह लावून ‘व्ह्यू’ टाइप करा, मग रिस्टोअरसाठी ‘आर’, मग नाव. वजा चिन्हामुळे खिडकी न उघडता सगळे प्रश्न कमांड लाइनवर येतात. पुढे मॅक्रो (एका बटणात साठवलेला कमांडचा क्रम) करताना हेच रूप कामी येणार आहे.

झूम-प्रीव्हिअसवर विसंबणाऱ्यांना एक सांगणं. ते मागची जास्तीत जास्त १० दृश्यं लक्षात ठेवतं आणि तेही काम चालू असेपर्यंत. नेम्ड व्ह्यू मात्र ड्रॉइंगच्या फाइलमध्येच साठतो. फाइल दुसऱ्याला पाठवलीत तर व्ह्यूही सोबत जातात, आणि समोरच्याला ‘०४ उघडून बघा’ एवढं सांगितलं की पुरतं.

पायरी दुसरी: लेअर स्टेट

या भागाला वेळ द्या, कारण मोठ्या ड्रॉइंगवरचा खरा ताबा इथे मिळतो.

आधी एका लेअर संचासाठी पडदा नीट लावून घ्या. समजा इलेक्ट्रिकल: भिंती चालू, दारं-खिडक्या चालू, फर्निचर दिसतं पण लॉक, प्लंबिंग फ्रीझ, लाइट पॉइंट आणि वायरिंग चालू. ज्या लेअरवर काम करायचंय तो करंट करा, कारण करंट लेअर कोणता होता हेही स्टेटमध्ये नोंदलं जातं आणि परत आणताना तोच पुन्हा करंट होतो. चुकीच्या लेअरवर रेषा पडण्याचा त्रास एवढ्यानेच खूप कमी होतो.

मग ‘लेअरस्टेट’ कमांड द्या, ‘न्यू’ दाबा, नाव द्या आणि वर्णनाच्या रकान्यात एक ओळ लिहा. ही ओळ बहुतेक जण रिकामी सोडतात. ‘फर्निचर लॉक, फॉल्स सीलिंग बंद’ एवढं लिहिलंत तरी सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याचे कष्ट वाचतात.

त्यानंतर त्याच खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातला बाण दाबून खिडकी मोठी करा. आता परत आणायच्या गुणधर्मांची यादी दिसेल: चालू-बंद, फ्रीझ, लॉक, प्लॉट, रंग, लाइनटाइप, लाइनवेट, पारदर्शकता वगैरे. स्टेट साठवताना हे सगळेच गुणधर्म साठतात. परत आणताना त्यांतले कोणते लागू करायचे, ते इथल्या टिका ठरवतात. रोजच्या कामासाठी चालू-बंद, फ्रीझ आणि लॉक एवढ्यांवरच टिक ठेवा. रंग आणि लाइनवेटवर टिक राहिली, तर मध्यंतरी कुणी भिंतीच्या लेअरचा रंग बदलला असेल तो जुनी स्टेट आणताच पुसला जातो, आणि ते थेट प्रिंट हातात आल्यावरच कळतं. रंगांसकट हवी असलेली स्टेट, उदाहरणार्थ सगळी पार्श्वभूमी करडी आणि फक्त प्लंबिंग गडद, वेगळ्या नावाने ठेवा. नावातच ‘रंगांसह’ असं लिहा, म्हणजे ती आणताना टिका बदलायची आठवण राहील.

बंद की फ्रीझ, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: लेअर स्टेटमध्ये फ्रीझ वापरा. बंद केलेल्या लेअरवरच्या वस्तू दिसत नाहीत, पण ‘ऑल’ देऊन निवड केली तर त्याही निवडल्या जातात. इरेज देऊन ‘ऑल’ म्हटलंत तर न दिसणारं प्लंबिंगही जातं. फ्रीझ केलेल्या लेअरवरच्या वस्तू या निवडीत येत नाहीत. शिवाय रीजनरेशनच्या, म्हणजे ड्रॉइंग पडद्यावर नव्याने तयार करण्याच्या वेळी ऑटोकॅड त्यांचा विचार करत नाही, त्यामुळे जड ड्रॉइंग हलकं चालतं.

आता नव्या लेअरचा प्रश्न. स्टेट साठवल्यानंतर तयार झालेले लेअर त्या स्टेटला माहीत नसतात. ती परत आणली की ते आहेत तसेच राहतात, म्हणजे इलेक्ट्रिकलच्या चित्रात अचानक फायर फायटिंगच्या पाइप दिसू लागतात. यावर दोन मार्ग आहेत. खिडकीतल्या ‘टर्न ऑफ लेअर्स नॉट फाउंड इन लेअर स्टेट’ या पर्यायाला टिक केलीत की अनोळखी लेअर बंद होतात. चित्र स्वच्छ राहतं, पण इलेक्ट्रिकलचाच नवा लेअर असेल तर तोही दिसेनासा होतो. दुसरा मार्ग कष्टाचा आणि चांगला: लेअर तयार करताच ‘एडिट’मध्ये जाऊन तो संबंधित स्टेटमध्ये घालायचा. अनेक जण एकाच फाइलवर काम करत असतील तर पहिला पर्याय चालू ठेवा, आणि नवा लेअर करणाऱ्यानेच तो स्टेटमध्ये घालायचा असं ठरवून टाका.

स्टेट अद्ययावत करताना क्रम पाळावा लागतो. आधी ती परत आणा, मग लेअर पॅनेलमध्ये हवा तो बदल करा, मग लेअर स्टेट मॅनेजरमध्ये तिच्यावर ‘सेव्ह’ दाबा. परत न आणताच सेव्ह दाबलंत तर पडद्यावर त्या वेळी असलेली सगळी लेअर मांडणी त्या नावाखाली जाऊन बसते आणि मूळ स्टेट हातची जाते. चुकून भलतीच स्टेट आणली गेली तर ‘लेअरपी’ कमांड लेअरची आधीची स्थिती परत देते.

एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग फाइल) असलेल्या ड्रॉइंगमध्ये ‘व्हिसरिटेन’ हे सिस्टिम व्हेरिएबल १ आहे का, ते पाहा. ते ० असेल तर एक्सरेफच्या लेअरमध्ये केलेले बदल फाइल पुन्हा उघडताना टिकत नाहीत, आणि दोष विनाकारण लेअर स्टेटवर जातो.

पायरी तिसरी: तिरकी इमारत आणि यूसीएस

इमारतीची एक विंग मुख्य भागाशी ३० अंशांच्या कोनात आहे असं धरा. त्या विंगमध्ये ऑर्थो (रेषा फक्त अक्षांच्या दिशेने काढू देणारी सोय) चालत नाही, भिंत काढताना दरवेळी कोन द्यावा लागतो. अशा वेळी काही जण सरळ ड्रॉइंगच फिरवतात. तसं कधीही करू नका. साइटचे कोऑर्डिनेट, सर्व्हेचे बिंदू, एक्सरेफची जागा, सगळं त्याने बिघडतं. अक्ष फिरवायचे, वस्तू आहे तिथेच ठेवायची.

‘यूसीएस’ कमांड द्या, तिरक्या भिंतीच्या एका कोपऱ्यावर उगम ठेवा, भिंतीच्या दुसऱ्या टोकावर क्लिक करून एक्स अक्षाची दिशा द्या आणि एंटर दाबा. पुन्हा ‘यूसीएस’ देऊन नेम्डसाठी ‘एनए’, सेव्हसाठी ‘एस’, आणि नाव: ‘उत्तर-विंग’. अक्ष साठले. आता ‘प्लॅन’ कमांड देऊन करंटसाठी एंटर दाबा. सगळं ड्रॉइंग पडद्यावर फिरतं आणि ती विंग आडवी-उभी सरळ दिसू लागते. फिरली फक्त नजर. वस्तूंचे वर्ल्ड कोऑर्डिनेट तसूभरही हलले नाहीत. प्लॅन कमांड पूर्ण ड्रॉइंग पडद्यात बसवते, म्हणून त्यानंतर विंगवर झूम करा आणि मग व्ह्यू साठवा.

या व्ह्यूला मात्र यूसीएस मुद्दाम जोडा. नव्या व्ह्यूच्या खिडकीत यूसीएसच्या यादीतून ‘उत्तर-विंग’ निवडा. नजर फिरलेली आणि अक्ष सरळ, किंवा उलट, अशा अवस्थेत काम करणं फार त्रासाचं असतं, म्हणून इथे त्या दोघांनी सोबत येणंच योग्य. याच कारणाने बाकीच्या सरळ व्ह्यूंना वर्ल्ड जोडलेलं असावं, म्हणजे विंगमधून जिन्याकडे आलात की अक्षही आपोआप जागेवर येतात. लेअरचा स्नॅपशॉट इथेही नको.

‘यूसीएसव्ह्यू’ हे व्हेरिएबल १ असताना व्ह्यू साठवला की त्या वेळचा यूसीएस त्यात जातो, ० असताना जात नाही. कमांड लाइनवरून व्ह्यू साठवणाऱ्यांनी हे तपासून घ्यावं. ‘यूसीएसफॉलो’ मात्र ० असू द्या. ते १ असलं की यूसीएस बदलताच दृश्य आपोआप फिरतं, आणि ते तुम्हाला हवं असेल तेव्हाच घडेल असं नाही.

पडद्याच्या विभागणीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मॉडेल स्पेसमध्ये ‘व्हीपोर्ट्स’ कमांड द्या, ‘न्यू व्ह्यूपोर्ट्स’ टॅबमध्ये नाव देऊन आत्ताची मांडणी साठवा, ‘नेम्ड व्ह्यूपोर्ट्स’मधून परत आणा. त्रिमितीय काम करणाऱ्यांना याचा उपयोग जास्त. प्लॅन काढणाऱ्याला बहुतेक वेळा एकच पडदा पुरतो.

एका बटणावर: व्ह्यू आणि स्टेट एकत्र आणणं

सुटं साठवलं की ‘आता दोनदा क्लिक करावे लागतात’ अशी तक्रार हमखास येते. तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर मॅक्रोचा उपाय आहे. टूल पॅलेटवर किंवा ‘सीयूआय’मधून (मेनू आणि बटणं बदलण्याची खिडकी) स्वतःचं बटण करा आणि त्यात हा क्रम लिहा: सुरुवातीला चालू कमांड रद्द करणारी कॅरेट-सीची जोडी, मग वजा चिन्हासह ‘व्ह्यू’, ‘आर’, व्ह्यूचं नाव, त्यापुढे वजा चिन्हासह ‘लेअर’, स्टेटसाठी ‘ए’, रिस्टोअरसाठी ‘आर’, स्टेटचं नाव, आणि शेवटी दोन एंटर. मॅक्रोमध्ये प्रत्येक उत्तरानंतर अर्धविराम टाकला की त्याचा अर्थ एंटर असा होतो. शेवटचे दोन एंटर विसरू नका. पहिल्याने स्टेटच्या पर्यायांतून बाहेर पडता येतं, दुसऱ्याने लेअर कमांड संपते.

ज्या दोन-तीन जोड्या खरोखर दिवसभर लागतात, त्यांच्यासाठीच बटणं करा. बाकीच्या जोड्या हाताने आणणं सोपं. आणि जोडी मॅक्रोमध्ये बनवायची, व्ह्यूच्या पोटात नाही. मॅक्रो बदलायला अर्धा मिनिट लागतो आणि मूळ व्ह्यू किंवा स्टेटला धक्का लागत नाही.

लेआउटवर नेताना

मॉडेलमध्ये साठवलेला व्ह्यू लेआउटच्या (छपाईच्या कागदाची मांडणी) व्ह्यूपोर्टमध्ये आणता येतो. व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक करा, तो लॉक असेल तर आधी लॉक काढा, व्ह्यू परत आणा, प्रमाण द्या, आणि पुन्हा लॉक करा. क्रम महत्त्वाचा आहे: व्ह्यू आणल्यावर प्रमाण बदलतं, म्हणून १:५० किंवा १:१०० त्यानंतरच द्यायचं. व्ह्यूपोर्टचा आकार आणि व्ह्यूची चौकट जुळत नसेल तर एका बाजूने जास्तीचा भाग दिसतो; व्ह्यूपोर्टची कड ओढून तो झाकता येतो. अलीकडच्या आवृत्त्यांत लेआउट उघडल्यावर रिबनवर ‘इन्सर्ट व्ह्यू’ मिळतं, त्यात यादीतला व्ह्यू निवडून थेट कागदावर ठेवता येतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या: व्ह्यू परत आणणं ही त्या वेळेपुरती क्रिया आहे. नंतर व्ह्यूची चौकट बदललीत म्हणून आधी लावलेला व्ह्यूपोर्ट बदलत नाही.

लेअर स्टेट लेआउटमध्ये आणखी उपयोगी ठरते. व्ह्यूपोर्टच्या आत असताना, करंट व्ह्यूपोर्टमधल्या दृश्यतेच्या पर्यायावर टिक ठेवून मॉडेलमध्ये साठवलेली स्टेट आणलीत, तर तिथे बंद किंवा फ्रीझ असलेले लेअर फक्त त्या व्ह्यूपोर्टपुरते फ्रीझ होतात. एकाच कागदावर डावीकडे इलेक्ट्रिकल आणि उजवीकडे प्लंबिंग असं चित्र यातून काही क्लिकमध्ये तयार होतं. रंगही त्या व्ह्यूपोर्टपुरतेच बदलायचे असतील तर ‘अप्लाय प्रॉपर्टीज ॲज व्ह्यूपोर्ट ओव्हरराइड्स’ला टिक करा.

साठवलेल्या व्ह्यूचे आणखी दोन फायदे सहज मिळतात. प्लॉटच्या खिडकीत ‘व्हॉट टू प्लॉट’मध्ये ‘व्ह्यू’ निवडून तेवढाच भाग छापता येतो. ड्रॉइंगमध्ये एकही नेम्ड व्ह्यू नसेल तर हा पर्याय मिळत नाही. आणि फार जड फाइल असेल तर ओपनच्या खिडकीत ओपन बटणाशेजारचा बाण दाबून ‘पार्शल ओपन’ निवडा: मॉडेलमधला एक व्ह्यू आणि हवे ते लेअर एवढंच उघडतं. व्ह्यू आधी नीट आखून ठेवलेले असले की ही सोय फार कामाची ठरते.

दुसऱ्या फाइलमध्ये नेणं

लेअर स्टेट मॅनेजरमधून ‘एक्स्पोर्ट’ केलं की डॉट एलएएस फाइल मिळते. ती दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये ‘इम्पोर्ट’ करायची. ड्रॉइंग किंवा टेम्प्लेट फाइलमधूनही स्टेट थेट इम्पोर्ट होते. तिकडे लागणारी लाइनटाइप लोड केलेली नसेल तर एलएएसमधून आणलेल्या लेअरला ती मिळणार नाही, म्हणून आधी लाइनटाइप लोड करा.

व्ह्यू मात्र त्या ड्रॉइंगच्या जागांशीच बांधलेले असतात. दुसऱ्या इमारतीत ‘०१-जिना’ नेऊन काही हाती लागत नाही. अपवाद एकाच प्रकारच्या कामाचा: शीटचा आकार, शीर्षकाची चौकट, लेजंडची जागा ठरलेली असेल तर त्यांचे व्ह्यू टेम्प्लेटमध्येच घालून ठेवा. नवं ड्रॉइंग त्या टेम्प्लेटवरून सुरू केलं की ते आपोआप मिळतात.

इतर सॉफ्टवेअरमध्ये हेच

स्केचअपमध्ये सीन साठवताना वेगवेगळ्या टिका दिसतात: कॅमेरा, लपवलेल्या वस्तू, टॅग, सेक्शन प्लेन, स्टाइल, सावल्या, अक्ष वगैरे. सगळ्या टिका लावून सीन बनवण्याची सवय इथे सर्रास आढळते आणि तिथेच गुंता होतो. काही सीनमध्ये फक्त कॅमेऱ्यावर टिक ठेवा, काहींत फक्त टॅगवर. मग एका सीनने जागा बदलते, दुसऱ्याने चित्रातला मजकूर.

राइनोमध्ये नेम्ड व्ह्यू आणि लेअर स्टेट वेगळे आहेतच. सहाव्या आवृत्तीपासून स्नॅपशॉट आला, त्यात हवं ते एकत्र बांधता येतं. रेव्हिटमध्ये प्रत्येक व्ह्यू हा प्रोजेक्टचा स्वतंत्र घटक असतो, आणि दिसण्याचे नियम व्ह्यू टेम्प्लेटमध्ये ठेवता येतात. टेम्प्लेटच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर ‘इन्क्लूड’चा चौकोन असतो. प्रमाण प्रत्येक व्ह्यूला वेगळं हवं असेल तर त्या ओळीची टिक काढा, बाकीचं टेम्प्लेटला सांभाळू द्या. सॉलिडवर्क्समध्ये स्पेसबार दाबून उघडणाऱ्या ओरिएंटेशनच्या खिडकीत नजर साठते. भाग दाखवणं-लपवणं, रंगरूप आणि पारदर्शकता डिस्प्ले स्टेटमध्ये.

बिघडलं तर

व्ह्यू आणल्यावर लेअर बदलत असतील तर त्याच्या पोटात स्नॅपशॉट आहे. व्ह्यू आणा, लेअर पूर्ववत करा, आणि टिक काढून त्याच नावाने पुन्हा साठवा. जागा बरोबर आली पण पडदा रिकामा दिसतोय, तर लेअर स्टेट दुसरीच चालू आहे. क्रॉसहेअर तिरका झाला तर ‘यूसीएस’ देऊन ‘डब्ल्यू’ द्या, मग ‘प्लॅन’ आणि ‘डब्ल्यू’. व्ह्यू बदलताना चित्र हळूहळू सरकत जात असेल आणि त्याचा कंटाळा येत असेल तर ‘व्हीटीएनेबल’ ० करा, बदल लगेच होतो.

जुन्या, व्ह्यूंनी गच्च भरलेल्या ड्रॉइंगमध्ये ही पद्धत आणायची असेल तर एकदम सगळं पुसू नका. आधी फाइलची प्रत काढा. जुने व्ह्यू एकेक करून उघडा आणि त्यातून येणारी लेअर मांडणी नोंदवत जा. बहुतेक मांडण्या एकमेकींसारख्याच निघतात. वेगळ्या निघतील तेवढ्याच लेअर स्टेट करा. मग जागांचे नवे व्ह्यू आखा, नव्या जोड्या वापरून एक-दोन शीट छापून जुन्या प्रिंटशी ताडून पाहा, आणि रेषान्‌रेष जुळली की मगच व्ह्यू मॅनेजरमधून जुने व्ह्यू डिलीट करा.